पूजा करतेस की प्रार्थना?

«ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे, मुलांच्या कॅथलिक हायस्कूलमध्ये. तिथली शिस्त आणि गणित चांगलं म्हणून घातलं. आम्ही हिंदू, घरात देवघर आहे, गणपती बसतो. पहिली दोन वर्षं काही जाणवलं नाही. यंदा मात्र तो शाळेच्या ‘कॅम्पस मिनिस्ट्री’च्या खोलीत पडीक असतो. गेल्या महिन्यात शाळेच्या मिस्सेत, म्हणजे त्यांच्या सामूहिक उपासनेत, सगळ्यांबरोबर रांगेत जाऊन त्याने प्रसाद घेतला. मित्र म्हणाला, ‘तू घ्यायचा नसतो.’ घरी येऊन गप्प बसला. पुढच्या महिन्यात चार दिवसांचं ‘कायरोस’ नावाचं शिबिर आहे. फोन नाही, घड्याळ नाही, आत काय होतं ते कोणी सांगत नाही. शाळेचा मेल आलाय की मुलाला कळू न देता त्याच्यासाठी एक पत्र लिहून द्या. परवा रात्री त्याने विचारलं, ‘आई, तू पूजा करतेस की प्रार्थना?’ मला उत्तर सुचलं नाही. सासूबाई साताऱ्याहून फोनवर म्हणाल्या, ‘घरात रेव्हरंड टिळक निघणार बघ.’ नवरा म्हणतो शाळा बदलू. मी स्वतः मुंबईत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे असं काही नव्हतं. काय करू?»

आधी प्रसादाचं बोलते. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त लागलं ते त्याचं गप्प बसणं.

प्रसाद नाकारायचा नसतो हे त्याला तुम्हीच शिकवलंय. शेजारच्यांनी सत्यनारायणाचा शिरा आणून दिला तर साखर वाढलेली असली तरी आपण चिमूटभर तोंडात टाकतोच. तोच संस्कार घेऊन मुलगा रांगेत उभा राहिला, आणि त्याला ऐकू आलं काय, तर ‘तू घ्यायचा नसतो’. हे वाक्य आपल्या समाजात कोणी कोणाला किती वर्षं ऐकवलंय, हे आठवलं की पोटात गोळा येतो. पण इथे त्याचा अर्थ तो नाही, आणि हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं. कम्युनियन म्हणजे प्रसाद नव्हे. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मिस्सेत ती भाकर ख्रिस्ताचं शरीरच होते, आणि ती घेणं म्हणजे ‘मी या मंडळीचा आहे, हिचं सगळं मला मान्य आहे’ अशी चारचौघांत दिलेली कबुली. म्हणून प्रॉटेस्टंट पाहुण्यालाही ती सहसा देत नाहीत, आणि गंभीर पाप केलेल्या कॅथलिकालाही आधी पापनिवेदन करून ये म्हणतात. विटाळाचा इथे काही संबंध नाही.

त्याने काही चूक केली असंही नाही, न कळता झालं. पुढच्या वेळी रांगेत जायचं असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फादर मग नुसता आशीर्वाद देतात. नाहीतर जागेवर बसून राहायचं, त्यातही कमीपणा नाही. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख मात्र कोणीही लावून घेऊ शकतं. अंगारा समजून लावली तरी कोणी हरकत घेणार नाही. आणि त्या कॅम्पस मिनिस्ट्रीच्या खोलीतल्या माणसाला, कॅम्पस मिनिस्टरला, त्याने झाला प्रकार सरळ सांगावा. त्या माणसाने असे दहा प्रसंग पाहिलेले असतात.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी वसईची. आमच्या घरात कित्येक पिढ्या कॅथलिक. शाळेत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि आता वर्षातले काही महिने मुलाकडे अमेरिकेत असते. नातू तसल्याच शाळेत शिकून बाहेर पडला. तेव्हा मी पंच नाही, एका बाजूची आहे. सासूबाईंच्या भीतीवर हसणारीही नाही. वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ चाललं, मधली थोडी वर्षं सोडता. धर्म बदलण्याच्या मागे कधी काय काय असतं, हे मला बाहेरच्या कोणी शिकवायला नको. पण सासूबाईंनी उदाहरण चुकीचं काढलं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो भरल्या संसारातल्या, पुष्कळ वाचून भांडून ठरवलेल्या माणसाने. सोळा वर्षांच्या पोराने शाळेतल्या सोफ्यावर बसून बिस्किटं खाल्ली, याची त्याच्याशी तुलना होत नाही.

कॉन्व्हेंटचं तुम्ही बरोबर लिहिलंय. मुंबईत तुमच्या वर्गात कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला, उठून जायच्या आणि तुम्ही मागे राहून मॉरल सायन्स शिकायचात. कोळसा होऊ नकोस, चंदन हो, अशा धाटणीचे धडे. मीही ते शिकवलेत, आणि खरं सांगायचं तर शिकवताना मलाही झोप यायची. ही वाटणी नुसत्या सिस्टरांच्या भलेपणाची नव्हती. आपल्या राज्यघटनेचं कलम २८ आहे. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही, अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. अमेरिकेतली कॅथलिक शाळा खाजगी असते. तिथल्या घटनेतलं धर्माबद्दलचं बंधन सरकारला लागू आहे, या शाळेला नाही. त्यामुळे तिथे सरसकट सगळ्यांना चारही वर्षं थिऑलॉजी असते, परीक्षेसकट. वर्षातून काही वेळा पूर्ण शाळेची मिस्सा असते आणि सेवेचे तास भरावे लागतात. प्रवेशाच्या वेळी तुम्ही सही केलेल्या पुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं असणार. रागावू नका, पण ती तुम्ही वाचली नाहीत. कोणीच वाचत नाही. गणितासाठी घातलं आणि पोरगं धर्मशास्त्रात रमलं, यात शाळेने फसवलं असं म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत साधारण पाचातलं एक मूल कॅथलिक नसतं, तेव्हा तुमचा मुलगा तिथला एकटा पाहुणा नाही. आणि शाकाहारी असेल तर एक गंमत सांगते. उपवासकाळात चौदा वर्षांवरचे कॅथलिक शुक्रवारी मांस खात नाहीत, म्हणून त्या शुक्रवारी शाळेच्या कॅन्टीनमध्ये चीज पिझ्झाची रेलचेल असते. माझ्या नातवाचा गुजराती मित्र त्या चाळीस दिवसांची वाट बघायचा.

कॅम्पस मिनिस्ट्री हे नाव आपल्या कानाला सरकारी खात्यासारखं लागतं, तसं काही नाही. एक खोली असते, जुने सोफे, कोपऱ्यात खाऊचा डबा. तिथला माणूस आता बऱ्याचदा फादर नसतो, लग्न झालेला, पोरंबाळं असलेला शिक्षकच असतो. त्याचं काम म्हणजे मिस्सेची तयारी, रोजची सकाळची प्रार्थना, शिबिरं, सेवेचे उपक्रम. आणि कोणी लिहून न दिलेलं काम म्हणजे दार उघडं ठेवून बसणं. अमेरिकन हायस्कूलमध्ये अकरावीचं वर्ष फार वाईट. परीक्षा, कॉलेजच्या अर्जांची टांगती तलवार, बापाचं ‘एपी किती घेतलेस’, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचे विषय किती. अशा वेळी ज्या खोलीत कोणी मार्क विचारत नाही तिथे मूल जाऊन बसलं तर मला ते पळून जाणं वाटत नाही, शहाणपण वाटतं. तो तिथे काय करतो हे तुम्ही त्याला विचारलंय का? तुमच्या पत्रात तरी तसं दिसलं नाही.

आता कायरोस. ग्रीकमध्ये वेळेला दोन शब्द आहेत. घड्याळातला वेळ तो क्रोनोस, आणि कायरोस म्हणजे आपली पर्वणी. म्हणून घड्याळं काढून घेतात. या शिबिराची मुळं स्पेनच्या मायोर्का बेटावर १९४० च्या दशकात मोठ्या माणसांसाठी सुरू झालेल्या शिबिरांत आहेत. अमेरिकेत त्याचं तरुणांसाठी रूप झालं आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळांमधून ते पसरलं. आत जे होतं त्यात गूढ काही नाही. बारावीची मुलं, म्हणजे आधी जाऊन आलेली, एकेक करून उभी राहतात आणि स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलतात. कोणाचे आईवडील वेगळे झालेत, कोणाचा भाऊ गेला, कोणी दोन वर्षं नुसतं हसण्याचं सोंग केलं. मग सात-आठ जणांचे गट, बोलणं, रडणं, मिस्सा, पापनिवेदन. तुमच्या मुलाला पापक्षमेचा संस्कार मिळणार नाही, पण फादरांशी बोलत बसायला कोणी अडवत नाही. शेवटी गळ्यात घालायला बहुधा एक क्रूस देतात. तो घरी येईल तेव्हा गळ्यात असेल. दारातच त्याच्यावर बोलू नका.

त्या गुप्ततेचं मात्र मला कधीच पटलं नाही. ‘आत काय घडतं ते सांगायचं नाही’ यामागचा हेतू साधा आहे, पुढच्या मुलांची मजा जाऊ नये. पण मुलं आणि मोठी माणसं चार दिवस फोनशिवाय एकत्र, आणि वर ‘घरी सांगू नकोस’, हे कोणत्याही आईला खटकायला हवं. झोप कमी, रडणं जास्त, आणि त्या भरात मुलं वाटेल ते ठरवतात, अशी टीका कॅथलिक लोकही करतात आणि त्यात तथ्य आहे. म्हणून शाळेत फोन करा आणि संकोच न करता विचारा. रात्री कोण कुठे झोपतं? सोबतचे मोठे कोण? २००२ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांनी बालसुरक्षेचे नियम केले, तेव्हापासून मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पार्श्वभूमी तपासणं आणि त्याला प्रशिक्षण देणं बंधनकारक आहे. ते झालंय ना, हे विचारणं पूर्णपणे तुमच्या हक्कातलं आहे. घरी निरोप पाठवायचा झाला तर कसा? एखाद्या भागात त्याला बसायचं नसेल तर बाहेर थांबता येईल का? आणि शिबिर सक्तीचं आहे की ऐच्छिक? बऱ्याच शाळांत दरवर्षी एखादं एक दिवसाचं शिबिर सक्तीचं असतं, पण कायरोसला मुलं स्वतः नाव देतात. चांगला कॅम्पस मिनिस्टर या प्रश्नांनी दुखावत नाही, पालकांना वेळापत्रकही दाखवतो. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे मुलाला पाठवू नका. हे मी स्वतः कॅथलिक असून सांगते.

धर्मांतराचं काय? शिबिरात बाप्तिस्मा होत नाही. त्याच्या वयाच्या मुलाला ख्रिस्ती व्हायचंच असेल तर कित्येक महिन्यांची तयारी असते, ती पॅरिशमध्ये, म्हणजे त्या भागातल्या चर्चमध्ये, आणि बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री तो विधी होतो. अठराच्या आतल्या मुलाबाबत आईवडिलांना विचारल्याशिवाय पॅरिश सहसा पुढे जात नाही. कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध बळजबरीने श्रद्धा घ्यायला लावणं कधीच वैध नाही, असं १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातच आहे. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांबद्दल जे पत्रक काढलं त्यात हिंदू धर्माचं नाव घेऊन आदराने लिहिलंय, आणि त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही असंही म्हटलंय. हे कागदावरचं झालं. माणसं कागदाप्रमाणे वागतातच असं नाही, म्हणून वरचे प्रश्न.

आणि त्याला खरोखरच ओढ लागली असेल तर? ही शक्यता मी तुमच्यापासून लपवणार नाही. लागू शकते. सोळाव्या वर्षी लागलेली ओढ कधी कॉलेजच्या पहिल्या सहामाहीत विरते, कधी आयुष्यभर राहते. शाळा बदलून ती थांबत नाही, फक्त तुमच्याशी बोलणं थांबतं. अकरावीच्या मध्यात शाळा बदलणं, तेही फक्त आजीच्या फोनवरून, याला माझा साफ विरोध आहे. नवऱ्याला हे वाचून दाखवा.

मला वाटतं, तुम्हाला टोचलंय ते शिबिर नाही, तो प्रश्न आहे. पूजा करतेस की प्रार्थना? तो शाळेत काय ऐकतो बघा. जेझुइट परंपरेत एक साधी सवय शिकवतात, त्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची, सोळाव्या शतकातली. झोपण्याआधी दिवस उलटून बघायचा. आज कशाबद्दल आभार मानावेसे वाटले, कुठे चुकलो, उद्या काय हवंय, आणि हे देवाशी मित्रासारखं बोलायचं. बऱ्याच शाळांत दुपारी सगळ्या वर्गांत दोन मिनिटं शांतता ठेवून तेच करून घेतात. असं करणारा मुलगा घरी येतो आणि बघतो की आई सकाळी साडेसहाला एका हाताने निरांजन ओवाळतेय आणि दुसऱ्या हाताने त्याचा डबा भरतेय. त्याने खोचक विचारलं नाही. तुमच्या आत काही चाललेलं असतं का, एवढंच त्याला हवं होतं.

‘सगळे धर्म सारखेच’ हे उत्तर मात्र देऊ नका. तो थिऑलॉजीच्या परीक्षा देतोय, दोन मिनिटांत तुम्हाला गारद करेल, आणि शिवाय ते उत्तर म्हणजे दार लावून घेणं असतं. खरं काय ते सांगा. रोज मन लागत नसेल तर लागत नाही म्हणा. एखाद्या दिवशी लागलं असेल, वडील आयसीयूत असताना, व्हिसाचा निकाल यायचा होता तेव्हा, तर तो दिवस सांगा. आणि देवाशी बोलणं आपल्याकडे नाही असं त्याला वाटत असेल तर जनाबाई सांगा. विठ्ठलाला दळायला बसवणारी, आणि रागावली की त्याला शिव्या घालणारी. माझ्या आईने कॅथलिक असून मला जनाबाई सांगितली होती. जात्यावर बसली की ती मारियामातेशीही त्याच सुरात भांडायची.

आता ते पत्र. मुलाला न सांगता लिहायचं आहे, म्हणून हे सदर त्याच्या हाती लागणार नाही अशी आशा करू. सुट्टीच्या दिवशी भरणारी तिथली मराठी शाळा त्याने सोडली असेल तर चिंता नाही. मायोर्कातल्या त्या जुन्या शिबिरांत अशा पत्रांना आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनांना ‘पलांका’ म्हणत. स्पॅनिशमध्ये पलांका म्हणजे तरफ, आपली पहार. हाताने न हलणारा दगड जिने हलतो ती. शिबिरात एका संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात पत्रांचा गठ्ठा ठेवतात, आणि पोरं कोपरे धरून वाचत बसतात.

नातवाच्या वेळी सुनेने मलाही लिहायला सांगितलं. मी म्हटलं, इंग्रजीत माझ्याने ‘आय लव्ह यू’ लिहवणार नाही, खोटं वाटेल. आमच्या पिढीत कोणी कोणाला ते म्हटलं नाही. मग मी मराठीतच लिहिलं. तू दोन वर्षांचा असताना आमच्या विहिरीच्या काठावर उभा होतास, मी मागून येऊन धरलं, आणि ते मी आजवर तुझ्या आईला सांगितलेलं नाही, असं काहीतरी. पान-दीड पान. त्याला मराठी वाचता येत नाही हे मला माहीत होतं. शिबिरात म्हणे सगळी पोरं रडत होती आणि हा एकटा आजीच्या अक्षराकडे बघत बसला होता. रविवारी रात्री घरी आला, बॅग न ठेवता माझ्या खोलीत आला आणि पत्र पुढे केलं. वाच. मी चष्मा शोधण्यात पाच मिनिटं घालवली, चष्मा डोक्यावरच होता.

तर तुम्ही उपदेश लिहू नका, अभिमान आहे वगैरे लिहू नका, त्याच्या मार्कांचा उल्लेखही नको. त्याच्या जन्माच्या वेळची, किंवा त्या देशात तुम्ही एकट्या असतानाची, किंवा त्याला कधी न सांगितलेली एक गोष्ट लिहा. देवाचा विषय यायला हवा असं नाही. त्या रात्री उत्तर सुचलं नाही हेही लिहिलंत तरी चालेल. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी झालं तरी बिघडत नाही, घरी बोलता तसंच. नवऱ्याला वेगळं लिहायला लावा. तो म्हणेल तुझ्यातच सही करतो. करू देऊ नका.

शाळेला पत्र बंद पाकिटात हवं असतं. वर त्याचं नाव देवनागरीत घाला. तेवढं त्याला वाचता येईल.